पट्टी ओढताना

ओल्या रंगावर धूळ बसते, तसे किस्से माणसावर बसतात. आपण काही त्यांना बोलावलेलं नसतं. दारं लावा, खिडक्यांना ओली पोती बांधा, तरी सकाळी बोट फिरवलं की हाताला लागतातच. माझ्याकडचे सगळे किस्से भीतीचे आहेत, हे आधीच सांगून टाकतो. इतरांच्या नोकरीत बढत्या होतात, भांडणं होतात, पार्ट्या होतात. आमच्या मॉडेल रूममध्ये फक्त भीती व्हायची. हसू यायचं ते नंतर, चहाच्या गाड्यावर, आणि तेही एकदा मागं वळून बघून.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. परभणीत धरणाच्या कामाचं एक ऑफिस होतं. त्याच्या मागच्या अंगाला पत्र्याची लांबलचक खोली होती आणि तिच्यात आम्ही होणाऱ्या धरणाची मॉडेलं बनवायचो. नदी, टेकड्या, गावं, भिंत, दरवाजे, सगळं एका टेबलावर. नकाशातला एक मैल म्हणजे आमच्याकडं वीतभर.

आम्ही तिघं होतो. लाकूडकाम करणारे करीमचाचा मानवतचे, पांढऱ्या दाढीचे. स्प्रे गन चालवणारा पेंटर किसन वाव्हळे. आणि मी ड्राफ्ट्समन. पूर्वी बोरीच्या शाळेत चित्रकला शिकवायचो, म्हणून इथंही सगळे मला मास्तरच म्हणायचे. आमच्यावर जोगसाहेब. पुण्याचे इंजिनिअर. हा माणूस कधी आवाज चढवायचा नाही, आणि त्याचीच तर आम्हाला जास्त धास्ती होती.

* * *

जोगसाहेबांची तपासायची एक रीत होती. मॉडेल रंगवून तयार झालं की ते चष्मा काढून खिशात ठेवायचे, डोळे मिटायचे आणि बोटाची मागची बाजू रंगावरून फिरवायचे. पुढच्या बाजूला घट्टे पडलेले असतात, मागच्या बाजूला सगळं कळतं, असं त्यांचं म्हणणं.

माझं पहिलं मॉडेल. धरणाच्या भिंतीवर करड्या रंगाचे तीन हात मारलेले, प्रत्येक हातानंतर पाण्याचा पॉलिश पेपर मारून घासलेलं. मला ते आरशासारखं वाटत होतं. साहेबांचं बोट भिंतीवरून सरकत सरकत आलं आणि मधेच थांबलं.

त्यांनी डोळे उघडले. "मास्तर, नकाशा आणा."

मी नकाशा पसरला. साहेबांनी चष्मा घातला, नकाशा इकडून तिकडे वाचला आणि शांतपणे म्हणाले, "या भिंतीवर दोन पुरुष उंचीची टेकडी आहे. नकाशात दिसत नाही. कोणी मंजूर केली?"

धुळीचा कण होता. डोळ्यांना दिसतसुद्धा नव्हता. पण वीतभर मैलाच्या हिशेबात ती टेकडीच, यात साहेबांची काही चूक नव्हती. आम्ही सगळी भिंत परत खरवडली. पुढं कित्येक दिवस किसन धुळीचा कण दिसला की म्हणायचा, "चाचा, मंजुरी काढा, टेकडी आली."

* * *

धुळीपेक्षा वाईट म्हणजे कापूस. सुगीत जिनिंगं सुरू झाली की हवेत बारीक तंतू तरंगायचे आणि ते नेमके आमच्या ओल्या रंगावर येऊन निजायचे. आमच्या कपड्यांतूनही तंतू झडतात, असा शोध किसनला लागला. मग रंगवायच्या दिवशी अंगावर कपडे नकोत असा नियम झाला. नुसता लंगोट. जमिनीवर पाणी मारायचं, खिडक्यांना ओली पोती लावायची, पंखा बंद. थिनरच्या वासानं डोकं गरगरायचं, म्हणून तोंडाला फडकी. करीमचाचांच्या दाढीतून केस गळतो अशी शंका आली, तेव्हा त्यांनी दाढीलाही फडकं गुंडाळलं.

एक दिवस किसनच्या हातात गन चालू होती आणि दार उघडलं. जोगसाहेब, आणि त्यांच्यासोबत औरंगाबादचे मोठे साहेब, अचानक पाहणीला आलेले. समोर धुरकट खोलीत तोंडं बांधलेली तीन उघडी माणसं. एकाच्या हातात बंदुकीसारखं काहीतरी.

मोठे साहेब दोन पावलं मागं सरले. "जोग, हे कोण आहेत?"

जोगसाहेबांचा चेहरा मी तेव्हा पहिल्यांदा घाबरलेला पाहिला. ते म्हणाले, "सर, आपलेच आहेत. हे पेंटिंगचे कपडे आहेत."

मोठ्या साहेबांनी आम्हाला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "कुठले कपडे?"

* * *

आता मास्किंगचं सांगतो. एका रंगाशेजारी दुसरा रंग मारायचा, तर पहिला झाकून ठेवावा लागतो. कडेला पट्टी लावायची, बाकीच्यावर वर्तमानपत्र, मग स्प्रे मारायचा, आणि रंग धरला की पट्टी ओढून काढायची. चांगली मास्किंग टेप मुंबईहून मागवावी लागे, आणि ती पोचेपर्यंत तिचा गोंद वाळून जायचा. म्हणून आम्ही कागदाच्या बारीक पट्ट्या मैद्याच्या खळीनं चिकटवायचो.

खळीवर उंदरांचा जीव. रात्रीतून पट्ट्या कुरतडून जायचे. शेवटी करीमचाचांनी खळीत विषारी मोरचूद घातला. "अब खाव म्हणावं, कित्ता खाते ते."

दुसऱ्या दिवशी सकाळी खळीचं पातेलं चाटूनपुसून रिकामं. आणि शेजारी ऑफिसचा शिपाई दगडू, भिंतीला टेकून पोटावर हात ठेवून बसलेला.

किसननं विचारलं, "दगडू, पातेल्यातलं काय झालं रे?"

दगडू म्हणाला, "संपलं की. वास लय वाईट होता..."

पुढचं कोणी ऐकलं नाही. करीमचाचांनी त्याला खांद्यावर टाकला, किसननं मिठाचं पाणी केलं, मी रस्त्यावर धावत जाऊन टांगा थांबवला. सरकारी दवाखान्यापर्यंत चाचा त्याला मिठाचं पाणी पाजत होते आणि दगडू टांग्यातून ओकत होता. चाचांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "मेरे हाथ से मरा रे, बालबच्च्यांवाला माणूस," असं एकसारखं चाललेलं. खून झालाय, तो आपण केलाय, आता फाशी, इथपर्यंत मी मनात पोचलो होतो.

डॉक्टरांनी तपासलं, विचारपूस केली. खळीला वास सुटला म्हणून दगडूनं ती मोरीत ओतून पातेलं घासून ठेवलं होतं. पोट दुखत होतं ते आदल्या दिवशीच्या लग्नातल्या जेवणानं.

चाचा त्याच्या अंगावर धावून गेले. "फिर बोल्या कायको नै?"

दगडू क्षीण आवाजात म्हणाला, "तुमी बोलू दिलं का, चाचा? तोंड उघडलं की मिठाचं पाणी."

* * *

सगळ्यात मोठी भीती पट्टी ओढायची. आठवडाभर घासायचं, रंगवायचं, वाळवायचं, आणि सगळं त्या एका ओढीवर. पट्टी सावकाश, उलटी दुमडून ओढायची असते. घाई केली तर रंगाची कड उपटून येते. उशीर केला तर रंग वाळून पट्टीलाच धरतो.

एकदा टेप नव्हती, खळीला उंदीर, म्हणून किसननं दवाखान्यातली जखमेवर लावायची चिकटपट्टी आणली. स्प्रे मस्त बसला. आम्ही सगळे भोवती उभे राहिलो, साहेबही होते. किसननं टोक धरलं आणि ओढायला लागला. पट्टीबरोबर रंग आला. रंगाखालचं अस्तर आलं. अस्तराखाली लाकडाच्या भेगा बुजवायला भरलेली लांबी आली. थांबायचं किसनला सुचेना. तो ओढतच राहिला आणि खालचं उघडं लाकूड दिसत गेलं.

त्या दिवशी संध्याकाळी तो म्हणाला, "सगळ्यांच्या नजरा माझ्या हातावर असल्या की हात माझा राहत न्हाई. इथून पुढं मी पट्टी ओढताना सगळ्यांनी भिंतीकडं तोंड करायचं. मी 'फिरा' म्हणलो की फिरायचं."

तो आमचा रिवाज झाला. भिंतीकडं तोंड, श्वास रोखून, मागून पट्टीचा बारीक चर्र आवाज. किती बरं वाटायचं त्याचं 'फिरा' ऐकलं की!

एकदा आम्ही असे उभे असताना जोगसाहेब आत आले. चाचा आणि मी भिंतीकडं तोंड करून, शाळेत उभं केल्यासारखे.

"यांना शिक्षा कोणी केली?"

किसननं पट्टीवरून नजर न उचलता सांगितलं, "साहेब, तुमीबी भिंतीकडं."

आता किसनची नोकरी गेली असं मी धरून चाललो. पण थोड्या वेळानं माझ्या शेजारी साहेबांचे बूट आले. ते भिंतीकडं तोंड करून उभे राहिले होते. समोर कॅलेंडर टांगलेलं होतं.

बराच वेळ गेल्यावर साहेब हळूच म्हणाले, "मास्तर, हे मागच्या वर्षीचं आहे."

* * *

भीती नुसती आमच्यातच होती असं नाही, ती वरपर्यंत गेलेली होती. मोठे साहेब दुसऱ्यांदा आले, तेव्हा तलावाचा निळा रंग नुकताच मारलेला. ते बोलता बोलता हातातली कपबशी तलावात ठेवून बसले. जोगसाहेबांनी पुढं केलेला हात मागं घेतला. मोठ्या साहेबांनी बोलणं संपवलं, कप उचलला, चहा प्याले, निघून गेले. बशी तिथंच चिकटून राहिली.

ती काढायची कोणाची हिंमत होईना. मोठ्या साहेबांनी ठेवलेली बशी. दोन दिवस ती तलावात होती. शेवटी जोगसाहेबच म्हणाले, "काढा ते बेट. मंजुरी माझी."

* * *

आता एक किस्सा आहे, तो सांगताना मला हसू येत नाही.

तलाव भरल्यावर कुठली गावं पाण्यात जाणार, हे लोकांना दाखवण्यासाठी आम्ही एक मॉडेल सोनपेठच्या बाजारात नेलं. निळा रंग जिथं संपतो तिथंपर्यंत पाणी. नकाशा कोण वाचतो? मॉडेल मात्र सगळ्यांना कळायचं. बायका, म्हातारे, सगळे वाकून आपलं घर शोधायचे. हसत यायचे आणि गप्प होऊन जायचे.

त्यात कोळवाडीजवळ थिनर जास्त झालेला रंग पट्टीखाली शिरला होता. आम्ही त्याला रंग फुटला म्हणायचो. केसाएवढी निळी रेघ त्या गावच्या देवळापर्यंत गेलेली. एवढी गर्दी, कोणाच्या लक्षात येतंय, असं आम्हाला वाटलं.

दोन दिवसांनी निरोप आला की कोळवाडीकरांनी मारुती उचलून टेकडीवर नेला. घरांच्या तुळ्या काढायलाही सुरुवात झाली होती. जोगसाहेबांनी जीप काढली आणि आम्हाला सोबत घेतलं.

साहेबांनी पारावर उभं राहून समजावलं, की तुमचं गाव पाण्यात नाही, ते पाणी नव्हतंच, मॉडेलवर रंग जरा पसरला होता, चूक आमची. लोकांनी ऐकून घेतलं. एक म्हातारी खाली बसली होती, घराच्या काढलेल्या कवाडाला टेकून. तिनं विचारलं, "साहेब, तुमचा रंग तुमच्या ताब्यात राहत न्हाई, आन् पानी राहील का?"

जोगसाहेब पारावरून खाली उतरले. त्या दिवसानंतर ते रंगावरून बोट फिरवायचे, पण कडेपाशी आले की बोट उचलून घ्यायचे.

* * *

शेवटचं मॉडेल सगळ्यात मोठं. औरंगाबादच्या बैठकीसाठी. कुठल्या घरांना दुसरीकडं जागा द्यायची आणि कुठल्या नाही, हे त्या बैठकीत ठरणार होतं, आणि मोठे साहेब कागद बघायचे नाहीत, मॉडेलवर बोट ठेवायचे.

पाण्याची पातळी नव्यानं ठरून आली होती. मी ती पेन्सिलीनं मॉडेलवर उतरवत होतो. करीमचाचांनी लाकडाची तिळाएवढी घरं करून जागोजागी बसवलेली. पांढरवाडीला आलो आणि माझा हात थांबला. पांढरवाडी म्हणजे किसनचं गाव. वरच्या अंगाला गाव, खालच्या अंगाला ओढ्याकाठी बौद्ध वस्ती. वस्तीतल्या शेवटच्या घरात किसनची आई एकटी राहायची. किसन दर रविवारी जायचा. तिनं दिलेला ठेचा आम्ही सोमवारी खायचो.

गाव पाण्याच्या बाहेर होतं. वस्ती बरीचशी पाण्यात होती. आणि ते शेवटचं घर बरोबर माझ्या रेघेखाली आलं होतं. आतही नाही, बाहेरही नाही.

किसन माझ्या मागं उभा होता. त्यानं बघितलं. "मास्तर, पट्टी कुठून लावायलाव?"

"खालून लावतो," मी म्हणालो. "घर बाहेर राहील."

तेवढ्यात जोगसाहेब आले. त्यांनी भिंग मागून घेतलं आणि बराच वेळ वाकून बघत राहिले. मग म्हणाले, "वरून लावा. घर आत घ्या."

मला त्यांचा संताप आला. पहिल्यांदाच भीतीपेक्षा संताप जास्त आला. साहेब किसनकडं न बघता बोलत होते, "बाहेर राहिलं तर नकाशात ते कोरडं. प्रत्यक्षात पावसाळ्यात पाणी उंबऱ्याला लागेल. शेजारी सगळे गेलेले असतील. आणि या घराला दुसरी जागा कोणी देणार नाही. आत असेल तर देतील. वाव्हळे, मला दुसरं काही करता येत नाही."

किसन म्हणाला, "आईला इचारून येतो."

तो गेला आणि दुसऱ्या दिवशी आला. आम्ही कामाला हात लावला नव्हता. चाचांनी विचारलं, "क्या बोली अम्मा?"

"आधी समदं घर झाडून काढलं तिनं," किसननं सांगितलं. "मग म्हणली, घ्यायचं तर समदं घे. अर्धं ठिवू नको. अर्धं ठिवलं तर मी त्याच अर्ध्यात बसून राहीन."

मग भीती सुरू झाली. पट्टी घराच्या वरून, पण वरच्या गावाला धक्का न लावता. रंग फुटून वर गेला, तर गावातली घरं पाण्यात, पुन्हा कोळवाडी. पट्टीबरोबर रंग उपटून आला, तर घर अर्धं निळं, अर्धं उघडं, आणि बैठकीत त्या अर्ध्यावर कोणीतरी बोट ठेवून म्हणणार, हे राहू द्या. यावेळी मुंबईची ताजी टेप मिळाली होती. मी तिची दोऱ्याएवढी पट्टी कापली, घराच्या मागून वळवली, नखानं दाबत गेलो. तळहाताला घाम येत होता म्हणून चाचा माझ्या हातावर खडूची पूड टाकत होते.

किसननं रंग गाळला. दोनदा गाळला. खोलीत पाणी मारलं, पोती भिजवली. लंगोट लावून आम्ही उभे राहिलो. त्यानं गन उचलली आणि एकाही थेंबाची घाई न करता पातळ पातळ हात मारत गेला. तलाव भरत आला. आधी नदीकाठ, मग ओढा, मग वस्ती. शेवटच्या घरापाशी गन क्षणभर थांबली आणि मग तेही निळं झालं.

रंग धरेपर्यंत आम्ही बाहेर निंबाखाली बसलो. कोणी चहा मागवला नाही.

पट्टी ओढायच्या वेळी जोगसाहेब आले. त्यांना कोणी काही सांगावं लागलं नाही. चष्मा खिशात ठेवून ते आपणहून भिंतीकडं तोंड करून उभे राहिले, त्यांच्याशेजारी चाचा, मग मी. कॅलेंडर आता चालू वर्षाचं होतं.

मागून पट्टीचा चर्र आवाज सुरू झाला. सावकाश. मधे कुठं तुटला नाही. नदीकडून वर, ओढ्याकडून वर. मग आवाज थांबला. पट्टी निघाली होती, हे कानाला कळलं होतं.

'फिरा' काही येईना.

चाचा पुटपुटत होते. रंग फुटला असेल. उपटून आला असेल. कड सरळ आली असेल, तर हा बोलत का नाही?

शेवटी जोगसाहेबांनीच भिंतीकडं बघत विचारलं, "वाव्हळे, फिरायचं का?"

"जरा थांबा, साहेब," किसन म्हणाला. "आई आजून आतच हाय."

आम्ही कोणी फिरलो नाही. साहेबही नाही.